प्रमुख ग्रंथी कोणाची प्रमुख?

अंतःस्रावी ग्रंथींचा धडा आला की फळ्यावर एक चित्र हमखास निघते. वर मेंदूचा एक लहानसा भाग, त्याचे नाव हायपोथॅलॅमस. त्याच्याखाली देठाला लोंबणारी वाटाण्याएवढी पियुषिका. तिच्याखाली अंडाशय किंवा वृषण. मध्ये दोन बाण, दोन्ही वरून खाली जाणारे. आणि चित्राखाली एक वाक्य : पियुषिका ही शरीरातील प्रमुख ग्रंथी असून ती इतर ग्रंथींवर नियंत्रण ठेवते. मुले चित्र वहीत उतरवून घेतात, परीक्षेत पुन्हा काढतात, गुण मिळतात आणि धडा संपतो. आपल्यापैकी बहुतेकांनी हे चित्र असेच शिकले आणि असेच शिकवले आहे.

या लेखात त्या चित्राची तपासणी करायची आहे. ते चूक आहे असे माझे म्हणणे नाही. त्यातले दोन्ही बाण खरे आहेत. माझा आक्षेप त्यात जे गाळले आहे त्याबद्दल आहे. जे गाळले ते सगळे एकाच प्रकारचे आहे, आणि त्यामुळे शरीर म्हणजे हुकूम देणारे आणि हुकूम पाळणारे यांची उतरंड असा समज मुलांच्या मनात पक्का होतो.

तपासणीसाठी मी माणसाऐवजी अस्थिमत्स्य, म्हणजे हाडांचा सांगाडा असलेले मासे घेतले आहेत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या जातींपैकी जवळजवळ निम्म्या जाती याच गटात येतात. शिवाय आपल्या देशात हे चित्र केवळ पुस्तकात राहिलेले नाही. दर पावसाळ्यात मत्स्यबीज केंद्रांवर पाण्यात उभे राहून माणसे त्याची परीक्षा घेत असतात.

चित्राच्या बाजूने

आधी चित्राच्या जमेची बाजू पाहू. कटला, रोहू आणि मृगळ हे आपले मोठे कार्प मासे मूळचे नदीतले. पावसाळ्यात पूर येतो, पाणी काठावरच्या उथळ जमिनीवर पसरते आणि तेथे हे मासे विणीला येतात. तळ्यात सोडले तर ते चांगले वाढतात. मादीचे पोट अंड्यांनी भरते. रोहूच्या मादीत वजनाच्या एका किलोमागे साधारण दोन लाख अंडी असतात. पण तळ्याच्या साचलेल्या पाण्यात ती अंडी घालत नाही. हंगाम उलटला की अंडी शरीरातच जिरून जातात. त्यामुळे मत्स्यशेती करणाऱ्यांना पुराच्या वेळी नदीतून मत्स्यजिरे गोळा करावे लागे, आणि त्यात नको त्या जातींची पिल्लेही येत.

१९३०च्या सुमारास अर्जेंटिनामध्ये बर्नार्डो हुसे यांनी एका माशाच्या पियुषिकेचा अर्क दुसऱ्या माशाला टोचून पाहिला. त्यानंतर थोड्याच वर्षांत ब्राझीलमध्ये रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी याच रीतीने मासे विणीला आणले. आपल्याकडे १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि त्यांचे सहकारी के. एच. अलिकुन्ही यांनी पियुषिकेचा अर्क टोचून मोठ्या कार्प माशांकडून तळ्यात अंडी घालून घेतली. १० जुलै हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच घटनेमुळे.

पद्धत अगदी साधी होती. पूर्ण वाढलेल्या, अंड्यावर आलेल्या माशांची डोकी घ्यायची, कवटीतून मोहरीसारखी दिसणारी पियुषिका काढायची आणि शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायची. वेळ आली की ती घोटायची, पाण्यात मिसळायची आणि निवळ मादीला टोचायची. पहिली मात्रा लहान, सहा तासांनी दुसरी मोठी. दुसऱ्या मात्रेनंतर काही तासांत मादी अंडी सोडते आणि नर त्यावर शुक्ररस सोडतो. देशातल्या मत्स्यशेतीचा पाया या कृतीने घातला. चित्रातला खालचा बाण, म्हणजे पियुषिकेकडून अंडाशयाकडे जाणारा, खरा असल्याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

एक राहून गेलेला प्रश्न

पण इथेच थांबून एक प्रश्न विचारायला हवा. ज्या माशाच्या डोक्यातून पियुषिका काढली, तो मासाही बहुधा तळ्यातच वाढलेला होता. त्याच्या पियुषिकेत अंडी घालायला लावणारे संप्रेरक होते, म्हणून तर तिचा उपयोग झाला. मग त्या माशाने स्वतः अंडी का घातली नाहीत? आणि ज्या मादीला आपण टोचले, तिच्याही डोक्यात तशीच भरलेली पियुषिका होती. तिला दुसऱ्याची उसनी का घ्यावी लागली?

पियुषिका खरोखरच प्रमुख असती तर हा प्रश्न पडला नसता. कोठार भरलेले आहे, पण दार बंद आहे, अशी ही स्थिती आहे. दार कोण उघडत नाही, हे आपल्या चित्रात दिसत नाही.

चित्र म्हणेल, वरच्या बाणाकडे पाहा. हायपोथॅलॅमस जी.एन.आर.एच. नावाचे संप्रेरक सोडतो आणि त्यामुळे पियुषिका आपले संप्रेरक सोडते. हे संप्रेरक १९७१ साली सस्तन प्राण्यांच्या मेंदूतून वेगळे करण्यात आले आणि मेंदूतल्या अशा संप्रेरकांच्या शोधाबद्दल रॉजर गिलमॅन आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे उपाय सोपा दिसतो. उसनी पियुषिका नको, जी.एन.आर.एच. टोचा, माशाची स्वतःची पियुषिका कामाला लागेल. ते करून पाहिले गेले. कार्प कुळातल्या माशांत निकाल निराशाजनक होता. एकट्या जी.एन.आर.एच.ने अंडी सोडवून घेण्याचा भरवसा नव्हता.

याचे उत्तर सोनमाशाने दिले. सोनमासा कार्पच्याच कुळातला. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात रिचर्ड पीटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनमाशाच्या मेंदूच्या एका नेमक्या जागी, डोळ्यांच्या चेतांच्या पुढच्या बाजूला असलेल्या भागात, बारीकशी इजा केली. आपल्या चित्राप्रमाणे विचार केला तर हुकूम देणारा भाग जखमी झाल्यावर हुकूम बंद व्हायला हवा. झाले उलटेच. रक्तात पियुषिकेचे संप्रेरक एकदम वाढले आणि माद्यांनी अंडी सोडली. याचा अर्थ एकच निघतो. मेंदूचा तो भाग पियुषिकेला थोपवून धरत होता. १९८३च्या सुमारास हा लगाम कोणता तेही कळले : डोपामिन. माणसाच्या मेंदूच्या संदर्भात आपण नेहमी ऐकतो तेच हे रसायन.

माशात या लगामाची रचनाही पाहण्यासारखी आहे. माणसात हायपोथॅलॅमसची संप्रेरके खास रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून पियुषिकेकडे येतात. अस्थिमत्स्यांच्या बहुतांश जातींत तसे वेगळे जाळे नसते. मेंदूतल्या चेतापेशींचे तंतूच थेट पियुषिकेत शिरतात. काही तंतू 'सोड' म्हणतात, काही 'थांब' म्हणतात, आणि दोन्ही निरोप एकाच वेळी येत असतात.

हे समजल्यावर रिचर्ड पीटर आणि चीनमधील ग्वांगझूच्या चुंगशान विद्यापीठातील लिन हावरान यांनी मिळून एक पद्धत बसवली. जी.एन.आर.एच.सारखे कृत्रिम संप्रेरक आणि डोपामिनला अडवणारे औषध एकत्र टोचायचे. एकाने पुढे ढकलायचे, दुसऱ्याने लगाम सैल करायचा. दोघांच्या नावांवरून तिला 'लिनपे' पद्धत म्हणतात. आपल्याकडे मत्स्यबीज केंद्रांवर ओव्हाप्रिम या नावाने मिळणाऱ्या औषधात हेच दोन घटक असतात, आणि त्यातला दुसरा घटक म्हणजे डोमपेरिडोन, माणसांना उलटी थांबवण्यासाठी देतात तोच. पियुषिका गोळा करण्याची यातायात नाही, दोनदा टोचणे नाही, प्रत्येक पियुषिकेची ताकद वेगळी निघण्याची भीती नाही.

एक खुलासा इथे करायलाच हवा. डोपामिनचा हा लगाम सर्व माशांत सारखा नाही. कार्प कुळात तो कडक आहे. युरोपातल्या ईल माशात तर तो वर्षानुवर्षे वयातच येऊ देत नाही. उलट काही सागरी माशांत तो जवळजवळ आढळत नाही. म्हणजे 'हुकूम' काढून त्या जागी 'लगाम' हा एकच शब्द घातला की काम झाले, असेही नाही.

खालून वर जाणारे बाण

चित्रातली दुसरी उणीव म्हणजे सर्व बाण खाली जातात. पुस्तकांत कधीकधी एक तुटक रेघ वर जाताना दाखवतात, पण शिकवताना ती बहुधा सुटते.

मादीच्या पोटात अंडे कसे भरते ते पाहा. पियुषिका एफ.एस.एच. सोडते, त्यामुळे अंडाशय इस्ट्रॅडिऑल हे संप्रेरक बनवते. ते रक्तातून यकृताकडे जाते. यकृत त्याच्या सांगण्यावरून पिवळ्या बलकाचे मूळ प्रथिन तयार करते आणि ते रक्तातून परत अंडाशयात येऊन अंड्यात साठते. हे काम काही महिने चालते. म्हणजे अंड्याचा शिधा अंडाशयात शिजत नाही, तो यकृतात शिजतो. आपल्या चित्रात यकृत कुठे आहे? शिवाय तेच इस्ट्रॅडिऑल मेंदू आणि पियुषिकेपर्यंतही जाते. काही वेळा ते पियुषिकेतला साठा वाढवते, तर सोनमाशात ते डोपामिनचा लगाम घट्टही करते. अंडे अजून तयार होत असताना ते सोडले जाऊ नये, याची काळजी घेण्यात अशा रीतीने अंडाशयाचाही वाटा असतो.

अंडे भरणे आणि अंडे सोडणे ही दोन कामे माशांत बरीच वेगळी आहेत. माणसाच्या पियुषिकेत एफ.एस.एच. आणि एल.एच. ही दोन्ही संप्रेरके पुष्कळदा एकाच पेशीत बनतात. अस्थिमत्स्यांत त्यांच्या पेशी वेगळ्या असतात. मेडाका या लहानशा जपानी माशावरचे २०१६ साली प्रसिद्ध झालेले काम याबाबत स्पष्ट आहे. एफ.एस.एच. नसलेल्या मादीत अंडी वाढतच नाहीत. एल.एच. नसलेल्या मादीत ती वाढतात, पण सुटत नाहीत.

मग एफ.एस.एच. सोडायला कोण सांगते? अनेक वर्षे उत्तर होते, तेच जी.एन.आर.एच. २०२४ साली जपानमध्ये मेडाकावर आणि इस्राएलमध्ये झेब्रामाशावर झालेल्या कामातून वेगळे उत्तर पुढे आले. एफ.एस.एच.च्या पेशींना चालना देणारे मुख्य रसायन कोलेसिस्टोकायनिन असल्याचे दिसले. हे नाव जीवशास्त्राच्या शिक्षकांना पचनाच्या धड्यातून माहीत असेल. जेवणानंतर आतड्यातून निघणारे, पित्ताशयाला आकुंचन पावायला लावणारे, पोट भरल्याची जाणीव देणारे ते हे संप्रेरक. या माशांत ते मेंदूतल्या चेतापेशींमधून पियुषिकेकडे येते. पोट भरल्याची जाणीव आणि अंडी भरणे यांचा संबंध एकाच रेणूत असावा, ही कल्पना शेतकऱ्याला नवी वाटणार नाही. चित्राला मात्र ती पूर्ण नवी आहे.

चौकटीबाहेरचे जग

तिसरी उणीव सर्वांत मोठी. आपल्या चित्राला बाहेरचे जगच नाही. हायपोथॅलॅमस सर्वांत वर आहे आणि त्याच्या वर कोरा कागद आहे. जणू तो स्वतःच ठरवतो.

तळ्यातल्या रोहूची गोष्ट याच कोऱ्या जागेत आहे. वाढते दिवस, पाण्याचे तापमान, पुराचे नवे वाहते पाणी यांचा निरोप मेंदूकडे पोचला नाही, तर भरलेली पियुषिकाही स्वस्थ बसते. सोनमाशात तर जोडीदाराचा निरोपही पाण्यातून येतो. अंडी सोडण्याच्या आधी मादीच्या अंडाशयात जे संप्रेरक अंड्याला पक्व करते, तेच थोडे पाण्यात उतरते. नराच्या नाकाला ते कळते, त्याच्या रक्तात एल.एच. वाढते आणि शुक्ररस तयार होतो. एका प्राण्याचे संप्रेरक दुसऱ्याच्या नाकातून त्याच्या पियुषिकेपर्यंत पोचले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामानंतर एका शरीराभोवती चौकट आखून थांबणे कठीण आहे.

त्याहून ठळक उदाहरण कॅरिबियन समुद्रातल्या ब्लूहेड रॅस या माशाचे. समूहातला मोठा नर नाहीसा झाला की सर्वांत मोठी मादी नर होते. काही मिनिटांत ती नरासारखे वागू लागते आणि साधारण आठ-दहा दिवसांत शुक्रपेशी तयार करते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी काही माद्यांची अंडाशये आधीच काढून टाकली आणि मग नर दूर केला. अंडाशय नसलेल्या माद्याही नरासारखे वागू लागल्या. बदल डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीने सुरू झाला आणि तो आधी मेंदूत झाला. वरून खाली येणारा बाण इथे आहेच, पण त्याची सुरुवात चौकटीबाहेर, शेजाऱ्यांच्या गैरहजेरीत आहे.

नवा राजा शोधण्याची घाई

टीका फक्त पाठ्यपुस्तकांवर करून चालणार नाही. आपण विज्ञानावर लिहिणारेही तेच करतो. पियुषिका प्रमुख नाही असे कळले की आपण हायपोथॅलॅमसला 'खरा प्रमुख' म्हणतो. २००३ साली किसपेप्टिन या रसायनाचा निरोप घेणारी यंत्रणा बिघडली तर माणसे वयात येत नाहीत असे आढळले. लगेच लेख आले : तारुण्याची किल्ली सापडली. मग झेब्रामाशात किसपेप्टिनची जनुके निकामी करून पाहिली. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा, की त्या माशांनी व्यवस्थित अंडी घातली आणि पिल्ले झाली. पुढे झेब्रामाशातली जी.एन.आर.एच.ची जनुके काढली, तरीही मासे प्रजननक्षम राहिले. मेडाकाच्या मादीत मात्र जी.एन.आर.एच. नसेल तर अंडी सुटत नाहीत.

याचा अर्थ ही रसायने बिनकामाची आहेत असा नाही. जन्मापासून एक वाट बंद असली तर वाढते शरीर दुसरी वाट काढू शकते. पण एकच किल्ली, एकच राजा, असे सांगण्याची घाई प्रत्येक वेळी अंगाशी आली, हे मान्य करावे लागते. दर वेळी आपण राजा बदलला, सिंहासन तसेच ठेवले.

एवढा आग्रह कशासाठी

कोणी म्हणेल, शाळेतल्या मुलाला इतके कशाला? सोपे करून सांगणे हेच तर शिक्षकाचे काम. मान्य. पण सोपे करताना काय गाळले यावरून मुलाला पुढे काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे ठरते.

एक उदाहरण देतो. कॅनडात संशोधनासाठी राखलेल्या एका तलावात २००१ ते २००३ या वर्षांत गर्भनिरोधक गोळ्यांतले कृत्रिम इस्ट्रोजेन अत्यल्प प्रमाणात सोडण्यात आले. लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या पाच-सहा पट. नर माशांच्या शरीरात बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले आणि फॅटहेड मिनो या लहान माशांची त्या तलावातली संख्या जवळजवळ संपली. इस्ट्रोजेन सोडणे थांबवल्यावर काही वर्षांनी ती पुन्हा सावरली. आपले चित्र घेऊन या घटनेकडे पाहा. ना हायपोथॅलॅमसने हुकूम दिला, ना पियुषिकेने. नराचे यकृत पाण्यातून आलेल्या निरोपाला उत्तर देत होते. ज्या मुलाच्या चित्रात यकृत नाही, पाणी नाही आणि आत येणारा बाण नाही, त्याला ही घटना अपवाद वाटेल. ज्याच्या चित्रात ते आहे, तो गावातल्या नाल्याकडे पाहून स्वतःच प्रश्न विचारेल.

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. चित्र पुसू नका, त्यात तीन गोष्टी वाढवा. हायपोथॅलॅमसकडून पियुषिकेकडे येणाऱ्या बाणाशेजारी टोकाला आडवी रेघ असलेली दुसरी रेषा काढा आणि तिला लगाम म्हणा. जननग्रंथींकडून यकृत, पियुषिका आणि मेंदू यांच्याकडे जाणारे बाण काढा. आणि चित्राच्या वर जी कोरी जागा उरते, तिथे पाणी, प्रकाश, अन्न आणि इतर मासे असे चार शब्द लिहून त्यांच्यापासून खाली बाण आणा. 'प्रमुख ग्रंथी' हे वाक्य परीक्षेपुरते असू द्या, पण त्यापुढे एक प्रश्नचिन्ह ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये जवळपास मत्स्यबीज केंद्र असेल तर मुलांना तिथे नेता येईल. मादीला इंजेक्शन देताना पाहिल्यावर मुले हमखास विचारतील, यात काय आहे? उत्तर लगेच देऊ नका. आधी त्यांना विचारा, या मादीच्या पोटात अंडी आहेत, डोक्यात पियुषिकाही आहे, मग ती कशासाठी थांबली आहे? या प्रश्नावर वर्गात एक तास सहज जाईल, आणि तो वाया जाणार नाही.